‘तो’पासून ‘ते’पर्यंत : एका महिन्याचे वाचन

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी चार छोटी पुस्तके वाचली. जुलैपासून एम. ए.च्या वर्गाला ‘भाषांतरित साहित्य’ हा घटक शिकवायचा होता, त्याची ही तयारी. दोन पुस्तके जुनी, दोन आपल्या काळातली : टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६), काफ्काची ‘रूपांतर’ (१९१५), आनी एर्नो यांचे ‘ला प्लास’ (१९८३) आणि हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ (२००७). एर्नो यांना २०२२ चे आणि हान कांग यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. निवडीमागे काही योजना नव्हती. पुस्तके पातळ होती, एवढेच. वाचन रात्री होई, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खाटेशेजारी. अर्धांगवायूनंतर त्यांचे बोलणे गेले आहे; ऐकू येते, समजतेही.

चारही पुस्तकांत घरातले एक माणूस आजारी पडते, बदलते किंवा मरते, आणि त्याच्याविषयी बोलतात मात्र इतर. ही गोष्ट मला तिसऱ्या पुस्तकाशी आल्यावर जाणवली. म्हणून चारही पुस्तके मी एकच प्रश्न घेऊन पुन्हा चाळली : या माणसाविषयी कोण बोलते आहे, आणि त्याच्याशी कोण बोलते आहे?

टॉलस्टॉयची कथा मृत्यूच्या बातमीने सुरू होते. पंचेचाळीस वर्षांचा न्यायाधीश गेला, आणि सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो बढती-बदलीचा. पुढे आजारपणात इव्हानला दुखण्याइतकेच छळते ते घरच्यांचे खोटे : तू आजारी आहेस, मरत नाहीस. फक्त गेरासिम हा खेड्यातून आलेला तरुण नोकर खोटे बोलत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यांवर धरून बसतो आणि त्याच्याशी सरळ बोलतो.

‘द व्हेजिटेरियन’ तीन भागांत आहे. मांस सोडणाऱ्या योंग-हेची कथा पहिल्या भागात नवरा सांगतो. दुसरा भाग मेहुण्याच्या नजरेतून आणि तिसरा बहिणीच्या नजरेतून येतो. नायिकेचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः पहिल्या भागातल्या स्वप्नांच्या तुकड्यांत. वडील भर जेवणात तिच्या तोंडात मांस कोंबतात, तो प्रसंगही आपल्याला नवऱ्याकडूनच कळतो.

एर्नो यांना ही अडचण लिहितानाच दिसली होती. इव्हतो गावात कॅफे आणि किराणा दुकान चालवणारे त्यांचे वडील १९६७ मध्ये वारले. त्यांच्यावर सुरू केलेली कादंबरी त्यांनी अर्धवट सोडली आणि सपाट, अलंकार टाळणारी भाषा निवडली. शिकलेल्या मुलीची सुबक भाषा वडिलांना परकी ठरली असती.

आता काफ्का. ग्रेगोर सकाळी उठतो तो ‘उंगेत्सीफर’ होऊन. या जर्मन शब्दाने कोणताही एक ठरावीक कीटक समजत नाही. मुखपृष्ठावर कीटक काढू नये, असे काफ्काने प्रकाशकाला कळवले होते. शेवटाकडे बहीण ग्रेटे म्हणते, की या जनावरासमोर मी भावाचे नाव घेणार नाही, हे घालवून द्यायला हवे. तिथे ती नपुसकलिंगी सर्वनाम वापरते. वडील मात्र त्या क्षणीही ‘तो’च म्हणतात.

इथे मराठी भाषांतरकाराला एक सोय आहे. आमचे इंदूरचे विद्यार्थी दिवसभर हिंदी बोलतात; हिंदीत नपुसकलिंग नाही, त्यामुळे ‘तो’चा ‘ते’ होण्याचा धक्का तिथे सर्वनामातून देता येत नाही. मराठीत देता येतो. मात्र पहिल्याच पानावर ‘झुरळ’ लिहिले, तर तिथेच ‘ते’ सुरू होते आणि ग्रेटेच्या वाक्यासाठी काही उरत नाही. ‘किडा’ म्हटले, तर ‘तो’ टिकतो. मग ग्रेटेच्या तोंडी ‘जनावर’ आले की ‘ते’ आपोआप येते. एका नामाच्या निवडीवर शंभर पाने पुढचा प्रसंग अवलंबून असतो, असे म्हणणे फारसे चुकीचे नाही.

पण मराठीतला ‘ते’ आदरार्थीही आहे. भूतकाळात लिहिताना ‘ते आले’ हे वडिलांविषयीही असू शकते आणि वासराविषयीही. बोलण्यात ‘आले’ आणि ‘आलं’ असा फरक होतो, लेखी भाषेत तो मिटतो. हे टिपण वहीत लिहीत असताना पुण्याहून भावाचा फोन आला. ‘कसे आहेत ते?’ ‘आज बरे आहेत. सकाळी पेज घेतली त्यांनी.’ अण्णा हातभर अंतरावर जागे होते. आदरार्थी रूप कुठेही चुकले नव्हते, तरी त्या संभाषणात ते नव्हते. दिवसा मदतीला येणारा मुलगा मात्र रोज विचारतो, ‘बाबूजी, आज दाढी बनाएँ?’ आणि उत्तरासाठी थांबतो. अण्णा पापणी मिटतात.

आता फोन आला की तो मी अण्णांच्या कानाशी धरते. भाऊ ‘अण्णा, तुम्ही’ असे बोलू लागला आहे. पहिल्या दिवशी तो अडखळला. त्याला विषय सुचेना.

वर्गासाठी यातून एक सोपा स्वाध्याय तयार झाला. शिक्षकांनी तो करून पाहावा. कथेतले असे एक पान घ्या, की जिथे उपस्थित व्यक्तीविषयी तृतीय पुरुषात बोलले जाते. ते संवाद द्वितीय पुरुषात लिहायला सांगा आणि प्रत्येक वाक्य टिकते का, ते तपासा. माझ्या वर्गाने ग्रेटेचा प्रसंग घेतला. ‘दादा, तुला घालवून द्यायला हवे’ इथपर्यंत काहीजण आले. बऱ्याच जणांना पुढे लिहिता आले नाही; दोघींनी ग्रेटेला गप्पच ठेवले. त्या दोघींना मी पूर्ण गुण दिले.