समोच्च रेषांच्या मधली जागा

सह्याद्रीतील घाटवाटेची आखणी करणाऱ्याने सर्वांत आधी नकाशाचे प्रमाण समजून घ्यावे, कारण डोंगरात होणाऱ्या अनेक फसगतींचे मूळ घरी बसून केलेल्या नकाशावाचनातच सापडते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे डोंगरभटक्यांच्या बोलीतील टोपोशीट, यासाठी वापरले जातात, ते बहुधा १:५०,००० या प्रमाणाचे असतात. म्हणजे त्यांवरील १ सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर भरतो. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा त्यांत सामान्यतः २० मीटरांच्या फरकाने काढलेल्या असतात, आणि रेषा जितक्या दाट तितका चढ उभा, हे शालेय भूगोलातही शिकवले जाते. मात्र दोन रेषांच्या मधल्या उंचीत काय आहे, हे त्या रेषा सांगू शकत नाहीत. सह्याद्री लाव्हाच्या जवळजवळ आडव्या थरांचा बनलेला असल्याने त्याचा उतार सलग नसतो. कातळाचा उभा टप्पा, त्याखाली पदर, म्हणजे झाडीने भरलेली अरुंद सपाटी, आणि पुन्हा कातळ, असा तो खाली येतो. यातला १५ मीटरांचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज मावतो, आणि दोर नसलेल्याची वाट अडवायला तेवढा पुरतो.

कोकणात उतरणारी एक नाळ, म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली दगडधोंड्यांनी भरलेली घळ, एका गटाने केवळ ती नकाशावर सर्वांत आखूड दिसते म्हणून निवडली होती. अशाच एका टप्प्याशी वाट खुंटली, आल्या वाटेने परत चढण्यात दिवस कलला, आणि वेळेचा सगळा हिशेब आडव्या अंतरावर बेतलेला असल्यामुळे पाणीही पुरले नाही आणि विजेऱ्याही.

हा हिशेब मांडण्याची एक जुनी रीत विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सुचवली होती: दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार ४ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई यांना सुमारे सव्वादोन तास लागतात, तर अंतरच तेवढे पाहणारा पाऊण तास धरून बसतो. ही रीत धडधाकट माणूस आणि बरी पायवाट गृहीत धरते, तेव्हा नाळेत, जिथे उतरतानाही प्रत्येक धोंडा चाचपावा लागतो, तिच्या दुप्पट वेळ धरला तरी तो जास्त ठरत नाही.

नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते आणि ते क्वचितच कोणी वाचतो. गाडीरस्ता झाल्यावर गावकऱ्यांनी सोडलेली पायवाट कारवीत बुजून जाते, पण कागदावरची तिची तुटक रेषा तशीच राहते. उलट गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा जमिनीवर ठळक दिसतात आणि नकाशात कुठेच नसतात. ओढ्यांच्या बाबतीत निळा रंग पाण्याचा आणि काळा कोरड्या पात्राचा, हा संकेत ध्यानात ठेवावा. निळ्यावरही उन्हाळ्यात विसंबू नये. भ्रमणध्वनीवरील नकाशा सोयीचा खरा, परंतु उंच कड्यांच्या मधे उपग्रहांचे संकेत अडतात किंवा कातळावरून परावर्तित होऊन येतात आणि दाखवलेले स्थान सरकते. म्हणून छापील प्रत सोबत असावी, आणि तिच्यावर मुख्य वाटेबरोबरच अर्ध्यातून बाहेर पडण्याच्या वाटाही आधीच रेखून ठेवाव्यात.

पायथ्याच्या किंवा माथ्यावरच्या गावात केलेली चौकशी ही या आखणीचाच भाग आहे, पण ‘वाट आहे का?’ या प्रश्नाला आतिथ्यापोटी ‘आहे की’ असेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक असतो. त्याऐवजी गेल्या पावसाळ्यानंतर त्या नाळेने कोण उतरले, ओझे घेऊन उतरता येते का, आणि पाणी नेमके कोणत्या टप्प्यावर मिळते, असे विचारावे, व मिळालेली उत्तरे तिथल्या तिथे नकाशावर पेन्सिलीने नोंदवून घ्यावीत.