एक टेम्पो आणि पंचेचाळीस दिवस

कॅम्पस इंटरव्ह्यू झाला नाही तर "टेम्पो टाकू" असं आपल्या मेसमध्ये वर्षातून दहा जण म्हणतात. टाका की! पण आधी थोडं गणित करूया. अप्लाइड मेकॅनिक्सपेक्षा सोपं आहे.

धरूया, तुमच्याकडे दीड लाख आहेत. पाच लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 48 महिने. हप्ता येतो सुमारे 12,900 रुपये. ड्रायव्हरचा पगार 15,000, इन्शुरन्स-पासिंग-पार्किंगचे महिना 3,500. म्हणजे गाडी जागेवरून हलली नाही तरी महिन्याला 31,400 रुपये. महिन्याचे 25 दिवस काम मिळालं, तर दिवसाला 1,256. आता चाकणहून माल घेऊन 50 किलोमीटर गेलो आणि परत आलो. लिटरला 15 चं अॅव्हरेज आणि 90 रुपये डिझेल धरलं, तर 600 रुपये. टायर, ऑइल वगैरेचे किलोमीटरला दीड रुपया, म्हणजे 150. एकूण साधारण 2,000.

परतीचं भाडं मिळालं तर किलोमीटरला 20 रुपयांत खर्च निघतो. रिकामे आलात तर जातानाच्या प्रत्येक किलोमीटरला 40 हवेत. नफा अजून धरलेलाच नाही! म्हणून मला वाटतं, गाडी कुठली घ्यायची यापेक्षा परतीचा माल कोण देणार हे आधी शोधावं.

कागदपत्रांची भीती मात्र उगाच असते. एकूण वजन (माल धरून) 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. 'छोटा हत्ती' यातच बसतो. चारचाकीचं साधं एलएमव्ही लायसन्स 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतं, यावर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सुरुवातीला स्वतःच स्टिअरिंग धरलं तर ड्रायव्हरचे 15,000 वाचतात. (घरचे काय म्हणतील ते वेगळं.) ओव्हरलोड मात्र नको. कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000.

खरी गोम उधारीत आहे. कंपनी बिल पास करते 45 दिवसांनी. डिझेलवाला रोख मागतो, आणि हप्ता ठरलेल्या तारखेला जातो म्हणजे जातोच. वरच्या हिशोबाने महिन्याचा खर्च 50,000, म्हणजे दीड महिन्यात खिशातून 75,000 जाणार आणि आत काहीच येणार नाही. ज्याने दीड लाख सगळेच डाऊन पेमेंटला घातले, त्याचा तिसरा हप्ता यायच्या आत जीव घाबरा होतो. काम भरपूर, गाडी रोज रस्त्यावर, आणि तरी पैसे नाहीत! हप्ता 90 दिवस थकला की बँक खातं एनपीए धरते. मग गाडी ओढून नेण्याची भाषा सुरू होते.

तेव्हा 75,000 बाजूलाच ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यात नवी गाडी बसत नसेल तर जुनी बघा. फक्त आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा उतरलाय का ते तपासा, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं हे धरून चाला. पहिली गिऱ्हाइकंही मोठ्या कंपन्यांपेक्षा फर्निचरवाले, भाजीवाले, घर बदलणारे अशी पकडा. भाडं कमी मिळेल, पण माल उतरला की पैसे हातात.