अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील नागरिक-सैनिक
(इतिहासाच्या पाठासाठी टिपण)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ शिकविताना पहिल्या चकमकीचे वर्णन रंगते आणि पाठ बहुधा तेथेच आटोपतो. त्यामुळे नांगर ठेवून बंदूक उचलली की माणूस सैनिक झाला, असा समज मुलांच्या मनात राहून जातो. वास्तविक बंदूक उचलण्यास एक सकाळ पुरली. सैनिक होण्यास मात्र वर्षे लागली. हा भेद मुलांस उमगावा, हा या पाठाचा मुख्य हेतू असावा.

पूर्वपीठिका : ज्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता, तिने बसविलेल्या करांवरून इंग्लंडशी वाद विकोपास गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये गावच्या रक्षणासाठी पुरुषांनी कवायत करण्याचा जुना प्रघात होता. इशारा मिळताच मिनिटभरात निघण्यास सिद्ध असलेल्या निवडक तरुणांस 'मिनिटमेन' म्हणत.

पहिली सकाळ : १९ एप्रिल १७७५ रोजी सुमारे ७०० इंग्रज शिपाई काँकर्ड येथील शस्त्रसाठा जप्त करण्यास निघाले. वाटेत लेक्झिंग्टनच्या मैदानावर सत्तर-ऐंशी गावकरी उभे होते. त्यांतील ८ जण ठार झाले. परंतु इंग्रज तुकडी काँकर्डहून बॉस्टनकडे परतू लागली, तेव्हा गावोगावचे लोक दगडी कुंपणांआडून तिच्यावर गोळ्या झाडीत राहिले. दिवसअखेर मृत, जखमी व बेपत्ता मिळून इंग्रजांची २७३ माणसे गेली. पुढे १६ जूनच्या रात्री बॉस्टनजवळच्या टेकडीवर याच लोकांनी एका रात्रीत मातीची तटबंदी उभारली. कुदळ-फावडे त्यांच्या हातांस परके नव्हते. दुसऱ्या दिवशी बंकर हिलच्या लढाईत त्यांनी दोन हल्ले परतविले; तिसऱ्या वेळी दारूगोळा संपला आणि माघार घ्यावी लागली.

खरी परीक्षा : ३ जुलै १७७५ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सैन्याची सूत्रे हाती घेतली. त्यांची मोठी अडचण अशी की, भरतीची मुदत संपताच माणसे घरी परतत. त्यांस भ्याड म्हणणे अन्यायाचे होईल. मागे शेत, कर्ज व मुलेबाळे होती. जे राहिले, त्यांनी १७७७-७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथील छावणीत काढला. अपुरे अन्न, फाटके कपडे आणि रोगराई यांमुळे तेथे सुमारे २,००० माणसे दगावली. तेथे एकही लढाई झाली नव्हती.

याच छावणीत प्रशियाहून आलेल्या श्टॉयबेन यांनी सैन्यास शिस्त लावली. त्यांस इंग्रजी जेमतेमच येत असे. प्रथम सुमारे शंभर जणांची एक तुकडी त्यांनी स्वतः तयार केली आणि तिच्याकरवी इतरांस शिकविले. एकाने शिकावे व दहांस शिकवावे, ही रीत शिक्षकांच्या ओळखीचीच आहे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी फ्रेंच सैन्य व आरमार यांच्या साहाय्याने यॉर्कटाउन येथे विजय मिळाला. १७८३ मध्ये तह झाला.

युद्धानंतर : तोफखान्याचे प्रमुख हेन्री नॉक्स हे मूळचे पुस्तकविक्रेते; सेनापती नॅथॅनिएल ग्रीन हे घरच्या लोहारशाळेत वाढलेले. त्यांचा गौरव झाला. सामान्य शिपायास मात्र पगाराऐवजी कागदी रोखे मिळाले आणि अनेकांनी ते पडत्या भावाने विकले. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकरी बंड करून उठले. त्यांचे एक पुढारी डॅनियल शेज हे या युद्धात लढलेले होते. गरजू सैनिकांस निवृत्तिवेतन देणारा कायदा १८१८ मध्ये झाला. स्वातंत्र्यासाठी हजारो कृष्णवर्णीयही लढले. तरी गुलामगिरी चालूच राहिली. ही बाजूही मुलांपासून लपवू नये.

वर्गात करावयाचे : नकाशात बॉस्टन, व्हॅली फोर्ज व यॉर्कटाउन दाखवावे. नंतर पुढील प्रश्नांवर मुलांस बोलते करावे.

१. पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष युद्धावर गेला, तर त्याची कामे कोण करील?
२. मुदत संपल्यावर घरी परतणारा आणि छावणीत राहणारा, या दोघांच्या मनात काय चालले असेल?
३. स्वतंत्र झालेल्या देशावर त्याच्या सैनिकांचे कोणते ऋण राहते?