घाटरस्ता आणि जुन्या मोटारीच्या इंधननळ्या

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे मोटारींना प्रवेश नसलेले गिरिस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. नेरळहून घाट चढून आलेल्या खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून प्रवासी पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने गावात जातात. मोटार मात्र झाडीच्या सान्निध्यात, इतर वाहनांच्या शेजारी, मालकाच्या नजरेआड उभी राहते. म्हणूनच येथे येणाऱ्या जुन्या मोटारीच्या इंधननळ्या सुस्थितीत असणे, ही केवळ मालकाची खासगी बाब राहत नाही.

धोका चढणीनंतरचा

फोक्सवॅगन बीटल ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची सर्वपरिचित मोटार होय. तिची पेट्रोलची टाकी पुढे, तर इंजिन मागे असते. पेट्रोल गाडीच्या पोटातून जाणाऱ्या पोलादी नळीने मागे येते. टाकीजवळचे व इंजिनाजवळचे सांधे मात्र लवचिक रबरी नळ्यांनी जोडलेले असतात. इंजिनाला थंडावा देणारा पंखा इंजिनाच्याच शक्तीवर फिरतो. साहजिकच, चढण संपवून इंजिन बंद करताच पंखाही थांबतो आणि तापलेल्या धातूची उष्णता काही काळ इंजिनकक्षात साचत जाते. नेमक्या या वेळी शिथिल सांध्यातून पेट्रोल पाझरले, तर त्याची वाफ झपाट्याने होते. बीटलमध्ये इंधन पंप आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अगदी शेजारी असतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. शिवाय या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की विझवणे अतिशय कठीण जाते, आणि पाण्याने आग अधिकच भडकते.

नळीची निवड

पहिली कसोटी मापाची. कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक बीटल गाड्यांना सुमारे साडेपाच मिलिमीटर आतील व्यासाची नळी लागते. बाजारात सहज मिळणारी पाव इंची नळी सव्वासहा मिलिमीटरहून किंचित मोठी असते. ती सैल बसते आणि क्लिप कितीही आवळली तरी तिचा भरवसा धरता येत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेतील माप पाहूनच नळी घ्यावी.

दुसरी कसोटी रबराच्या जातीची. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. जुन्या काळातील रबर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. फ्लुओरो-रबराचे अस्तर असलेली, ‘एसएई जे३० आर९’ हे मानक छापलेली नळी अशा इंधनास अधिक टिकाव धरते. पाण्याची किंवा हवेची साधी नळी पेट्रोलसाठी कदापि वापरू नये. कापडी विणीची जुनी नळी दिसायला अस्सल असली, तरी आतील तडे त्या विणीखाली दडतात. मोटारीचे मूळ रूप जपण्याच्या हौसेपायी जुने रबर जपणे शहाणपणाचे नाही.

बांधणी

नळी धारदार पात्याने सरळ कापावी. ती धातूच्या तोंडावर सुमारे अडीच सेंटिमीटर चढवावी आणि तोंडावर उंचवटा असल्यास क्लिप त्याच्या मागे बसवावी. खाचा कापलेल्या पट्टीची क्लिप लहान नळीचे रबर चिरते. म्हणून गुळगुळीत, कडा वळवलेल्या पट्टीची क्लिप पसंत करावी. ती नळी हलणार नाही इतपतच आवळावी. रबर क्लिपबाहेर फुगून येईपर्यंत आवळू नये.

इंजिनाभोवतीच्या पत्र्यातून नळी आत येते त्या छिद्रात रबरी कडे असलेच पाहिजे. ते नसल्यास सततच्या कंपनाने पत्र्याची धार नळी कापते. इंधन गाळणी इंजिनावर लोंबकळत ठेवू नये. तिच्या वजनाने सांधा ओढला जातो. ती इंजिनकक्षाबाहेर, गिअरबॉक्सच्या बाजूला, आधार देऊन बसवणे उचित. कार्ब्युरेटर व पंप यांत ठोकून बसवलेली पितळी तोंडे हाताने हलत असल्यास आधी ती पक्की करून घ्यावीत. तोंडच निखळले तर नवी नळी काय करणार?

तपासणी

काम पूर्ण झाल्यावर इंजिन चालवून प्रत्येक सांधा पाहावा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावा. घाट चढण्यापूर्वी नेरळ येथे आणि गाडी सोडून जाण्यापूर्वी दस्तुरी येथे हीच तपासणी करावी. पेट्रोलचा वास आल्यास इंजिन सुरू करू नये. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी, चालकाच्या आसनाजवळ ठेवावे. दर दोन-तीन वर्षांनी सर्व नळ्या एकदम बदलाव्यात.

खेड्यापाड्यांतील जुन्या स्कूटर आणि पेट्रोलवर चालणारे पंप यांनाही अशाच रबरी नळ्या असतात आणि तेथेही हेच नियम लागू पडतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी व शाळांतील शिक्षकांनी तडकलेली नळी आणि नवी नळी विद्यार्थ्यांच्या हाती देऊन हा फरक दाखवावा. नळी व दोन क्लिपा यांना लागणारा खर्च अल्प आहे. त्यावर अवलंबून असलेली मोटार, माणसे आणि वनराई यांचे मोल मात्र मोठे आहे.