मोठ्या शाळेत लहान मुलाची जागा



आपल्या मंडळ्या शाळांसाठी अर्पण देतात तेव्हा वह्या, गणवेश, फी यांचा हिशेब आपण आवर्जून विचारतो. इमारतीबद्दल मात्र खोल्या किती झाल्या आणि उद्घाटन कधी, एवढेच विचारून थांबतो. या अंकातील पाठात इमारतीकडेच जरा निरखून पाहू या. मी वास्तुविशारद नाही. पण आदिवासी मुलांच्या शाळा-वसतिगृहांत कामानिमित्त वर्षानुवर्षे जाते, आणि इमारत मुलांशी कशी वागते हे पाहत आले आहे.

शाळा मोठी, मूल लहान

केंद्र सरकारच्या एकलव्य आदर्श निवासी शाळेत सहावी ते बारावीची ४८० मुले राहावीत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात, अशी योजना आहे. आपल्याकडच्या आश्रमशाळांतही शेकडो मुले एकत्र राहतात. मोठ्या शाळेचे फायदे खरे आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, विषयवार शिक्षक हे सगळे प्रत्येक पाड्यावर देणे शक्य होत नाही.

पण सहावीत दाखल होणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीचा विचार करा. तिचे घर कुडाचे, पुढे अंगण, आणि एका हाकेवर सारी आपली माणसे. इथे तीन मजले, लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेले मूल परतले नाही की आपण म्हणतो, "अभ्यास जमला नाही." पुष्कळदा अभ्यासापर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. एवढ्या मोठ्या जागेत त्याला स्वतःची अशी जागाच सापडलेली नसते.

पहिला धडा : आधी वर्गखोली

इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. वर्षभरात मुलांच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातील सुमारे १६ टक्के फरकाचा संबंध वर्गखोलीच्या रचनेशी लागला. उजेड, हवा आणि तापमान. ही खोली आपली आहे असे मुलाला वाटणे. भिंती अगदी ओक्याबोक्या नसणे आणि चित्रांनी गच्च भरलेल्याही नसणे, अशा गोष्टी त्यात महत्त्वाच्या ठरल्या. शाळेचा एकूण आकार किंवा खास सोयी यांचा प्रभाव वर्गखोलीच्या तुलनेत फारच कमी दिसला.

हा अभ्यास थंड देशातला आणि लहान वयाच्या मुलांचा आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी त्याचा रोख आपल्याला उपयोगी आहे. पैसा मर्यादित असेल तर कमानीवर आणि दर्शनी भागावर तो नंतर खर्च करावा. मूल ज्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास बसते, ती खोली आधी.

दुसरा धडा : उन्हाला छप्पर, हवेला वाट

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गांडो नावाचे खेडे आहे. तिथला दिएबेदो फ्रान्सिस केरे हा मुलगा लहानपणी दुसऱ्या गावी कोंदट, अंधाऱ्या वर्गात बसून शिकला. पुढे बर्लिनला वास्तुकला शिकत असतानाच त्याने आपल्या गावासाठी शाळा आखली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. केरे यांना २०२२ चा प्रित्झकर पुरस्कारही मिळाला.

त्या शाळेची युक्ती साधी आहे. भिंती स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून केलेल्या विटांच्या. वर्गावर विटांचे छत, आणि त्याच्या बरेच वर, मोकळे अंतर ठेवून, पत्र्याचे रुंद छप्पर. तापतो तो पत्रा, पण त्याची आच थेट वर्गात उतरत नाही. वर्गातली गरम हवा छतातील फटींतून वर निघून जाते आणि खिडक्यांतून ताजी हवा आत येते. बांधकामात गावकऱ्यांचे हात लागले, त्यामुळे शाळा त्यांची झाली.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात उघड्या स्लॅबखालची खोली दुपारी भट्टी होते. समोरासमोर खिडक्या, वर झरोके, उन्हाच्या बाजूला खोल व्हरांडा आणि छपरावर सावली, हे सारे आपल्या गवंड्यांना जमणारे आहे.

तिसरा धडा : कट्टा हवा

हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६०च्या दशकात एक माँटेसरी शाळा बांधली. तिथला प्रत्येक वर्ग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा आहे. त्यामुळे एकाच खोलीत शांत कोपरा आणि गजबजीचा कोपरा दोन्ही मिळतात. सामायिक दालनात विटांचा एक चौरस कट्टा आहे. मुले त्यावर बसतात, त्याला टेकतात, त्याचा रंगमंच करतात.

कट्ट्याचे मोल आपल्याला कोणी समजावायला नको. झाडाभोवतीचा पार, घरापुढची ओटी, तेच हे. शेकडो मुलांच्या शाळेत सात-आठ जणांनी बसावे अशा पुष्कळ जागा हव्यात. प्रत्येक गटाचे अंगण वेगळे, दारांचे रंग वेगळे, तर नवे मूल हरवत नाही.

चौथा धडा : रात्रीची इमारत

शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि अपंग मुलांना अडथळ्याविना प्रवेश मागतो. पण स्वच्छतागृह आहे की नाही एवढ्याने भागत नाही. ते कुठे आहे? एका वसतिगृहातील मुलींनी मला सांगितले की त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. स्वच्छतागृह अंधाऱ्या बोळाच्या टोकाला होते. तिथे फलक लावून उपयोग नव्हता. दिवा हवा, आतून लागणारी कडी हवी, आणि वाट अधीक्षिकेच्या खोलीवरून जायला हवी. नकाशावर या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. इमारत उभी राहिल्यावर मात्र फार लागतात.

प्रभू येशूने एका बालकाला बोलावून शिष्यांच्या मध्यभागी उभे केले, हे आपण मत्तयाच्या १८ व्या अध्यायात वाचतो. नकाशा टेबलावर पसरताना मध्यभागी कोण आहे, हे पाहणे आपल्याही हाती आहे.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपण मदत करतो त्या शाळेच्या वर्गात दुपारी दोन वाजता बसून पाहिले आहे का?

२. नव्या मुलाला रडू आले तर एकटे बसायला, आणि मैत्रीण मिळाली तर दोघींनी बसायला, तिथे जागा आहे का?

३. नकाशा पक्का होण्याआधी तो मुलांना आणि अधीक्षिकेला कोणी दाखवला का?