स्वतःचेंच लिहिलेलें न वाचूं शकणारा मनुष्य

घड्याळ बरोबर चालत असतें तोंपर्यंत त्याच्या आंत किती चाकें आहेत याची चौकशी कोणी करीत नाहीं. तें बंद पडलें, म्हणजेच आपण त्याचें झांकण उघडतों. मेंदूचीही गोष्ट कांहींशी अशीच आहे. आपण पुस्तक उघडतों आणि वाचूं लागतों. ही एकच साधी क्रिया आहे असें आपणांस वाटतें. परंतु ती अनेक क्रियांची गुंफण आहे, हें एका विलक्षण रोग्यामुळें वैद्यांच्या स्पष्टपणें ध्यानांत आलें.

सन १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत पॅरिस शहरांतील एका ६८ वर्षांच्या कापडाच्या व्यापाऱ्यास एकाएकीं एकही शब्द वाचतां येईना. हे गृहस्थ सुशिक्षित व संगीताचे षोकी होते. डोळ्यांत दोष असावा असें समजून ते नेत्रवैद्याकडे गेले. उजव्या बाजूची दृष्टि मंदावली होती खरी. पण समोरच्या वस्तू, माणसें, रस्ते त्यांस नीट ओळखूं येत. नेत्रवैद्यानें त्यांस डॉक्टर जूल देजेरीन यांजकडे पाठविलें.

तपासणींत जें आढळलें तें अद्भुतच म्हणावयाचें. हे गृहस्थ अस्खलित बोलत, दुसऱ्याचें बोलणें समजत आणि सांगितलेला मजकूर बिनचूक लिहीत. परंतु तोच कागद थोड्या वेळानें पुढें ठेवला, तर स्वतःच्या हस्ताक्षरांतील एक शब्दही त्यांस वाचतां येत नसे! छापील अक्षरांपैकीं एक त्यांस सर्पासारखें दिसे, तर दुसरें पट्ट्याच्या बक्कलासारखें. अंक मात्र ते वाचीत व हिशेबही करीत. त्याहून नवल हें कीं, अक्षराच्या वळणावरून बोट फिरविलें म्हणजे तें अक्षर कोणतें हें त्यांस सांगतां येई. डोळ्यांस न उमगणारें अक्षर हातास ठाऊक होतें.

सन १८९२ मध्यें ते मरण पावले, तेव्हां देजेरीन यांनीं त्यांचा मेंदू तपासला. डाव्या अर्धाच्या मागील बाजूस, जेथें दृष्टीचें स्थान आहे तेथें, इजा झाली होती. शिवाय मेंदूच्या दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या तंतूंचा मागचा भागही निकामी झाला होता. बहुतेक मनुष्यांत भाषेचें स्थान डाव्या अर्धांत असतें. या रोग्याच्या उजव्या अर्धास अक्षरें दिसत होतीं, पण तीं भाषेच्या स्थानापर्यंत पोंचत नव्हतीं. पैलतीरीं टपाल येऊन पडावें आणि पूल वाहून गेल्यामुळें तें गांवांत येऊं नये, तसा हा प्रकार होय. लिहिण्याची वाट भाषेच्या स्थानापासून हाताकडे जाणारी. ती निराळी असल्यामुळें शाबूत राहिली.

आतां वाचनाची वाट मेंदूंत जन्मतःच तयार नसते. मूल बोलणें आईच्या मांडीवर आपोआप शिकतें. वाचन कोणी तरी शिकवावें लागतें. लेखनकला सुमारें ५००० वर्षांचीच आहे, म्हणून वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या भागांतील कांहीं जागा उसनी घेऊन तिला अक्षरें ओळखण्याचें वळण लावावें लागतें. प्रौढपणीं साक्षर झालेल्यांच्या मेंदूंतही असा पालट झालेला दिसतो.

मग एखाद्या बालकाची ही वाट घडावयासच जड जात असेल तर? सन १८९६ मध्यें इंग्लंडांतील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं अशाच १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास कसलीही दुखापत झालेली नव्हती. तो चलाख होता, गणितांत हुशार होता. परंतु कित्येक वर्षें शिकवूनही त्यास लहान शब्दच कसेबसे वाचतां येत, आणि स्वतःच्या नांवांतील अक्षरेंही तो उलटसुलट लिही. सारें शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. आज या अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात. ती दृष्टीचा, बुद्धीचा किंवा चारित्र्याचा दोष नव्हे. आणि आपल्या देशांतील सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंही अशा अध्ययन-अडचणी मान्य केल्या आहेत.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. ऐकलेला धडा तो जसाच्या तसा सांगे. पण पुस्तक हातीं दिलें कीं अडखळे. मीं त्यास आळशी ठरविलें व वारंवार सर्वांसमोर उभें करून वाचावयास लावलें. मुलें हसत, आणि मी त्यांस हसूं दिलें. देजेरीन व मॉर्गन यांची ही हकीकत माझ्या वाचनांत आली, तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, आपलें मूल बोलण्यांत चतुर असूनही वाचनांत मागें पडत असेल, तर छडी उगारण्यापूर्वीं त्याची तपासणी करवावी. ध्वनि आणि अक्षर यांची सांगड घालण्याचा क्रमवार सराव, अधिक वेळ आणि धीराचा शब्द, एवढ्यानें पुष्कळ मुलांचें वाचन सुधारतें. आणि मुलांनो, तुमचा सोबती वाचतांना अडखळला, तर हसूं नका. त्याच्या शेजारीं बसून त्याला वाचून दाखवा. स्तोत्रकर्त्यानें मनुष्याच्या घडणीबद्दल देवाचें स्तवन केलें आहे. ती घडण प्रत्येकांत एकसारखीच असते, असें मात्र त्यानें कोठेंही म्हटलेलें नाहीं.