पाडव्याची नवी वही : बोलणे, लिहिणे आणि घरचे स्वास्थ्य



शेतकऱ्याच्या नशिबी नवे वर्ष एकदाच येत नाही. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याची वही बदलते, त्याच मुहूर्तावर कोल्हापुरात गुळाचे सौदे निघतात. जानेवारीत कॅलेंडर बदलते. एक एप्रिलला संस्थांचे हिशेबी वर्ष सुरू होते. पण आपल्या घरात वर्ष बदलते ते गुढी उभी राहते तेव्हाच. पट्टा पडण्याची वेळ झालेली असते, टोळ्या गावाकडे परतू लागलेल्या असतात, खोडव्याची कामे चालू असतात आणि माणूस पहिल्यांदा जरा बूड टेकतो. नवी वही घालायला हीच वेळ बरी, असे आम्हांस वाटते.

वही म्हटले की लोक जमाखर्चाची समजतात. ती हवीच. परंतु आम्ही म्हणतो ती वही बोलण्याची आहे. कोणाला काय सांगितले, केव्हा सांगितले, त्याने काय उत्तर दिले, हे लिहून ठेवायची. अहो, एवढ्याशा गोष्टीने काय होते, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो.

आमच्याच रानातली गोष्ट सांगतो. एका वर्षी अडसाली लागण २८ जुलैला केली. बांधावरच चिटबॉय भेटला. "मामा, लागण झाली काय?" "झाली की, घे लिहून." त्याने घेतले लिहून, आम्ही चहा पाजला, विषय संपला. पुढे याद्या लागल्या त्या बघायला गेलो नाही. तोडणीची वाट बघता बघता शेजाऱ्याचा फड गेला, त्याच्या पलीकडचाही गेला, तेव्हा गट ऑफिस गाठले. यादीत आमची तारीख २८ ऑगस्ट. एका महिन्याच्या फरकाने पाळी कुठल्या कुठे गेली. उसाला तुरा येऊन गेला होता, आतून पोकळ पडला, वजन घटले. त्या दिवशी ऑफिसात आम्ही बराच आवाज केला. तो पोरगा खाली मान घालून उभा. घरी आल्यावर लक्षात आले की त्याने चूक केली हे खरे, पण आमच्यापाशी तरी काय पुरावा होता? कागद नाही, तारीख नाही, यादी बघितलेली नाही.

म्हणून नोंदीचे पहिले सांगतो. लागण झाली की आठवड्याच्या आत गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख स्वतःच्या हाताने लिहून द्यावी. दोन प्रती कराव्यात. एक ऑफिसात द्यावी, दुसरीवर सही, तारीख आणि शिक्का घ्यावा. यालाच पोच म्हणतात. पोच मागताना संकोच करू नये. मागितली म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवला असे होत नाही. उलट चार महिन्यांनी साहेबाची बदली झाली तरी कागद तिथेच राहतो.

आता अर्ज कसा लिहावा. आपल्याकडे अर्ज बहुधा असा येतो : "मी गेली वीस वर्षे प्रामाणिक सभासद असून माझ्यावर फार मोठा अन्याय झाला आहे, तरी साहेबांनी मेहरबान होऊन लक्ष घालावे ही नम्र विनंती." वाचणाऱ्याने लक्ष कशात घालायचे? गट नंबर नाही, गाव कोणते ते नाही, अन्याय कसला तेही नाही. तो कागद टेबलावरून टेबलावर फिरतो आणि शेवटी फायलीत जातो. हाच अर्ज असा लिहून बघा : "माझा गट नंबर अमुक, क्षेत्र ४० आर, जात को ८६०३२. लागण २८ जुलैची आहे, यादीत ती २८ ऑगस्ट लागली आहे. बेण्याची पावती सोबत जोडली आहे. तारीख दुरुस्त करून दुरुस्त नोंद मला लेखी कळवावी." वर गाव व नाव, खाली सही, तारीख आणि मोबाईल नंबर. पाच ओळी झाल्या. काय आहे, काय चुकले, पुरावा कोणता, मागणी कोणती, एवढेच त्यात आहे. राग अर्जात लिहिला तर मुद्द्याला जागा उरत नाही.

बिलाचेही तसेच. पुष्कळ सभासद बिलाचा शेवटचा आकडा बघतात आणि कागद देवळीत ठेवतात. वजनपावती आणि बिल शेजारी ठेवून वाचावे. भरलेल्या गाडीचे वजन २७.६४० टन, रिकाम्या गाडीचे ९.१८० टन, म्हणजे ऊस १८.४६० टन. ही वजाबाकी शाळेतल्या पोरानेही करावी. त्याचाही अभ्यास होतो. मग दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. समजा उतारा ११.२५ धरला, तर दहा पायऱ्यांचे ३४६ रुपये वाढून ३८९६ होतात. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, मग सोसायटीची वसुली. प्रत्येक वजावटीपुढे कशाची ते लिहिलेले असते. कळले नाही तर विचारावे.

विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, ही काही कोणाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कचेरीत, कामाच्या वेळात, विनाशुल्क बघता येतात. प्रत हवी तर फी भरून मिळते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असे आहे. मात्र त्यातच एक मेख आहे : वेगळा लेखी करार नसेल तर. म्हणून छापील करारावर सही करताना बारीक अक्षर वाचावे. चष्मा घरी राहिला असेल तर सहीही दुसऱ्या दिवशी करावी.

उघड बोलणे ही आपल्या बाजारात आयती आलेली गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथे वाढला. परंतु त्या काळी देशभरच्या पुष्कळ बाजारांत रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरत. माल शेतकऱ्याचा आणि भाव त्यालाच कळायचा नाही! बाजार समित्यांचे कायदे आले, उघड लिलाव आले, तेव्हा ती रीत गेली. आता रुमाल आपणच आपल्या डोळ्यांवर ओढून घेऊ नये. वार्षिक सभेतही तेच. अहवाल घरी येतो, त्याच्यावर भजी खाऊन टाकू नये. दोन पाने वाचून एक प्रश्न लिहून न्यावा. एकच, पण आकड्याचा. मंजूर, मंजूर ओरडणाऱ्यांत आणि नामंजूर ओरडणाऱ्यांत आम्हांला तरी फारसा फरक दिसत नाही; अहवाल दोघांनीही वाचलेला नसतो.

मोबाईलवर येणाऱ्या गोष्टींविषयी थोडेसे. वजनाचा निरोप आला तर पुसू नये. ग्रुपवर "अमक्या कारखान्याने इतका दर दिला" असे फिरत असते, ते पुढे ढकलण्याआधी एक फोन करावा.

आता शेवटचे, आणि आमच्या मते वरच्या सगळ्यापेक्षा अवघड. रात्रीच्या पाळीची वीज असली की माणूस दोन वाजता मोटर चालू करायला जातो, पहाटे दारे धरतो, सकाळी धार काढतो आणि दहाला तसाच उपाशी ऑफिसात येतो. तो काय बोलणार? भांडणारच. आमचा तो दिवसही असाच होता. काउंटरच्या अलीकडच्या माणसाला झोप नाही, पलीकडचाही हंगामात तीन पाळ्यांत पिचलेला. महत्त्वाचे बोलणे असेल तर रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. भाकरी खाऊन, डोळा लावून, कागद घेऊन जा. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी तर हे पाळावेच.

आणि बिलाचा आकडा घरात सांगा. फडात भांगलायला बाईमाणूस असते, भरणीला असते, आणि बिल किती आले हे तिला शेजारणीकडून कळते, हे बरे दिसत नाही. पाडव्याला वही उघडाल ती दोघांनी बसून उघडा. सोसायटीचे किती, पोरांच्या फीचे किती, दवाखान्याला बाजूला किती. आमच्या घरी पहिल्या वर्षी याच वहीवरून कडाक्याचे भांडण झाले, कारण आमचा हॉटेलचा खर्च पहिल्यांदाच कागदावर आला. दुसऱ्या वर्षीपासून वही तिच्याकडेच असते. लागणीची पोचही त्याच वहीत असते, आणि याद्या लागल्या की "बघून आलाय काय?" हे आम्हांला आता घरातूनच विचारले जाते.

चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आहे. पाळीचे पाणी एक दिवस शेजाऱ्याला सांभाळायला सांगून यंदा सगळ्यांना घेऊन डोंगरावर जाणार आहोत.